शेवटून तिसरा

आधी माफी मागतो. ज्याने आयुष्यात एकदाही मैदानात बसून फुटबॉलचा खरा सामना पाहिलेला नाही, त्याने फुटबॉलच्या क्लबाविषयी लिहावं हे बरोबर नाही, हे मला कळतं. शिवाय आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. कागदावर सही करण्यापलीकडे घरात कोणी काही लिहिल्याचं मी पाहिलेलं नाही. त्यामुळे कुठे काय लिहावं, किती लिहावं, याचा अंदाज मला नाही. वर्गात एकदा सरांनी विचारलं होतं की माणूस एखाद्या क्लबाचा कसा होतो. सगळ्यांनी पटापट उत्तरं दिली. मला जे सांगायचं होतं ते एका वाक्यात मावत नव्हतं. ते इथे मावतं का बघतो.

रत्नागिरीत मी ज्या खोलीत राहतो तिथे आम्ही तिघे आहोत. त्यातला एक गुहागरचा. त्याच्या वडिलांची सुपारीची बाग आहे. तो एका फार मोठ्या क्लबाचा. का, तर मोबाइलवरच्या खेळात तो क्लब पहिल्या नंबरावर दिसायचा म्हणून. पुढे त्याचा आवडता खेळाडू दुसऱ्या क्लबात गेला, तेव्हा हाही सामान उचलून त्याच्यामागे गेला. तिसऱ्याची गोष्ट त्याहून सोपी. स्टँडजवळच्या दुकानात त्याच्या मापाचा जो शर्ट मिळाला, त्या क्लबाचा तो झाला. मी हसत नाही. माणसं अशीच कुठेतरी जोडली जातात.

मी मात्र ज्या क्लबाचा, त्याचं नाव सांगितलं की दोघे एकमेकांकडे बघायचे. तो कधी टीव्हीवर दिसत नाही. त्याच्या एकाही खेळाडूला कोणी ओळखत नाही. "तुझा क्लब कुठल्या तालुक्यात येतो रे?" असं गुहागरवाला विचारायचा. मी म्हणायचो, समुद्रापलीकडे आहे. "मग होडीने जाऊन कप घेऊन येतात वाटतं," असं तो म्हणायचा. कपाचा प्रश्नच नव्हता. आमचा क्लब तिसऱ्या की चौथ्या पायरीवरचा, आणि त्या पायरीवरही तळाशी. दरवर्षी तळाचे दोन क्लब आणखी खालच्या पायरीवर ढकलले जातात. आमचा दरवर्षी त्या दोघांच्या जरासा वर असायचा. शेवटून तिसरा.

हा क्लब मला दादाकडून मिळाला. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आमचं गाव संगमेश्वराच्या आत, डोंगराच्या कुशीत. आमच्याकडची मुलं मुंबईला जातात. दादा जहाजावर गेला. एकदा त्याचं मालवाहू जहाज इंजिन बिघडून उत्तरेकडच्या एका थंड बंदरात दोन महिने अडकलं. तिथे खलाशांसाठी एक विश्रामघर आहे. धक्क्यापासून तिथपर्यंत एक म्हातारा गाडी चालवायचा. पगारावर नव्हे, आपल्या मर्जीने. पहिल्या शनिवारी त्याने दादाला विचारलं, सामन्याला येतोस का. त्याच्याकडे वर्षभरासाठी घेतलेल्या दोन खुर्च्या होत्या. शेजारची खुर्ची त्याच्या बायकोची. ती त्याच हिवाळ्यात गेली होती.

दादा चार शनिवार त्या खुर्चीवर बसला. तीन सामने क्लब हरला, एक बरोबरीत सुटला. त्याला फुटबॉल फारसा कळत नव्हता आणि म्हाताऱ्याचं बोलणं त्याहून कमी कळायचं. पण थंडीत दोघे एकाच थर्मासमधला चहा प्यायचे, आणि चेंडू आपल्या बाजूच्या जाळ्यापाशी आला की म्हातारा याचं मनगट धरायचा. निघताना म्हाताऱ्याने बायकोचा मफलर दादाला दिला. लोकरीचा, निळा-पांढरा. दादाने काय देऊ विचारलं, तर तो म्हणाला की काही नको, फक्त आमच्या बाजूने राहा.

तो मफलर आमच्या घरी आला तेव्हा आईला पहिला प्रश्न पडला की हा घालायचा कधी. आमच्याकडे एवढी थंडी कधी पडत नाही. शेवटी तिने तो देवांच्या फळीशेजारी खिळ्याला अडकवला. तिथेच राहिला. पूजा करताना बाबांच्या हातून कधीकधी त्यालाही उदबत्ती ओवाळली जायची.

पुढे दुसऱ्या एका जहाजावर, जहाज धक्क्याला बांधताना दोरखंड तुटून दादाच्या उजव्या गुडघ्यावर बसला. शस्त्रक्रिया झाली, आत धातूची पट्टी घातली. जहाजावर जायला तो कायमचा अपात्र ठरला. सव्वीस वर्षांचा दादा घरी येऊन ओट्यावर बसला तो बसलाच. देवरुखच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज चालायचं, चढ चढायचा, नाहीतर सांधा धरेल, गुडघा वाकायचा बंद होईल आणि मग कोणाच्या हातात काही राहणार नाही. बाबांनी काठी करून दिली. आई रोज सकाळी सांगायची, दुपारी विनवायची, संध्याकाळी रडायची. दादा उठत नसे. कुठे चालायचं आणि कशासाठी, एवढंच तो म्हणायचा.

उत्तर क्लबाने दिलं. आमच्या घरात मोबाइलला रेंज येत नाही. गावात कुठेच येत नाही. डोंगर चढून वर गेलं की सडा लागतो, नुसता कातळ, लांबच लांब. तिथे एका ठरावीक दगडापाशी रेंज येते. त्याला सगळे रेंजचा धोंडा म्हणतात. मुंबईला फोन करायला बायका त्याच्यावर जाऊन बसतात. चांगल्या पायाला अर्ध्या तासाची वाट. एका शनिवारी संध्याकाळी दादाने काठी मागितली आणि दीड तासाने तो धोंड्यापाशी पोचला. तिकडे दुपारचा सामना सुरू होतो तेव्हा आपल्याकडे दिवेलागण झालेली असते. फोनवर सामना दिसत नाही, नुसता आकडा दिसतो. शून्य, शून्य. मग एक, शून्य. तेवढं बघायला तो चढला.

त्यानंतर दर शनिवारी. शनिवारचं चढणं जमावं म्हणून मधले दिवस तो अंगणात फेऱ्या घालू लागला. क्लब जिंकला तर तो तिथूनच मला रत्नागिरीला फोन करायचा. हरला तर करायचा नाही. त्यामुळे माझा फोन शनिवारी फारसा वाजत नसे. पण न वाजलेल्या फोनवरूनही मला कळायचं की दादा आत्ता सड्यावर आहे, उभा आहे. डॉक्टरांनी गुडघा वाकवून बघितला आणि म्हणाले की सुधारतोय, असाच वर्षभर चालत राहा. आईने तिथूनच, देवरुखहून, मला फोनवर विचारलं होतं, "बाबू, तो तुमचा खेळ वर्षभर चालतो ना रे?"

माझ्या खोलीतल्या दोघांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी नंबर बघून, शर्ट बघून क्लब घेतला आणि आम्ही एका मेलेल्या बाईच्या खुर्चीवरून, हे कसं सांगणार. मी स्वतः तर तिथे बसलोही नव्हतो. मी दादाचा म्हणून क्लबाचा. गावात पालखी निघते तेव्हा आपली पालखी शेजारच्या गावच्या पालखीपेक्षा चांगली नाचते का, असं कोणी तपासत नाही. खांदा देतो. माझं तसंच होतं.

गेल्या वर्षी मात्र शेवटून तिसरा नंबरही टिकेना. शिमग्यापर्यंत क्लब शेवटून दुसरा होता. खाली गेला असता तर काय झालं असतं ते मला नीट माहीत होतं. खालच्या पायरीवरचे आकडेही फोनवर नीट येत नाहीत. दादाने वर चढून बघायचं काय? आईला पायऱ्या आणि नंबर कळत नव्हते, पण दादाचा चेहरा कळत होता.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. घरची बाई ओटी भरते, नारळ ठेवते, आणि गुरव त्या घरासाठी देवासमोर गाऱ्हाणं घालतो. ज्याचं जे दुखणं असेल ते गाऱ्हाण्यात येतं. जमलेले सगळे होय म्हाराजा म्हणतात. त्या दिवशी आईने नारळ ठेवला आणि गुरवांना हळूच सांगितलं की क्लबासाठी घाला. गुरवांना आधी कळेना. कळलं तेव्हा ते गंभीर झाले. त्यांनी विचारलं की गाव कुठलं, शीव कुठली. आपल्या देवाची हद्द शिवेपर्यंत. दर्यापलीकडे दुसऱ्या कोणाची सत्ता असेल, तिथे आपण तोंड कसं घालायचं. पालखीबरोबर मुंबईहून रजेवर आलेली माणसं होती. त्यातला एक म्हणाला, "देवाला ऑफसाइड कळतो काय रे?" आणि सगळे हसले. दादा आत माजघरात होता. त्याला सगळं ऐकू जात होतं.

आई हटली नाही. ती म्हणाली, मागणारा तर शिवेच्या आतला आहे ना. गुरवांनी जरा विचार केला. मग आईला विचारलं की नेमकं काय मागायचं, ते एका शब्दात सांगा. देवापुढे ढोबळ बोलून चालत नाही. आईने माझ्याकडे बघितलं. मी कॉलेजात शिकणारा. मी म्हणालो, खाली जाऊ नये, एवढंच.

गुरवांनी डोळे मिटले. "बा म्हाराजा," त्यांनी सुरू केलं, आणि घराण्याचं, वाडीचं, आमच्या आजोबांपासूनचं सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "ह्या घरातला तुझा लेकरू ज्यांच्या पाठी उभा हाय, ती दर्यापारची खेळणारी मंडळी, त्यांना औंदा खाली जाव देव नको रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. हसणारेही म्हणाले. त्या एका शब्दाने आमचा अख्खा गाव त्या क्लबाचा झाला, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही कुठेतरी वाटतं.

शेवटचा सामना मे महिन्यात होता. मी सुट्टीत घरी होतो. तो सामना तिकडे लवकर होता, म्हणजे आपल्याकडे ऊन असतानाच. मी पहिल्यांदा दादाबरोबर सडा चढलो. तो पुढे होता. मला थांबायला लागलं, त्याला नाही. धोंडा दिवसभराच्या उन्हाने इतका तापला होता की आम्ही पाठीवरची पिशवी खाली घालून बसलो. शिमग्यानंतर क्लब एक जागा वर सरकला होता, आता बरोबरी झाली तरी पुरे होती. दादाने फोन दोघांच्या मधे ठेवला. शून्य, शून्य. खाली कलमांच्या बागेतून आंबे काढणाऱ्यांचे आवाज येत होते. शून्य, शून्य. दोन तासांत त्या आकड्यात काही म्हणजे काही बदललं नाही. एकदा रेंज गेली. तेव्हा दादाने माझं मनगट धरलं, आणि रेंज परत आली तरी सोडलं नाही.

सामना तसाच संपला. आम्ही शेवटून तिसरे.

दादा उठला आणि काठी धोंड्यापाशीच विसरून उतरायला लागला. मी मागून काठी घेऊन गेलो. बोललो काहीच नाही, त्याला आठवण होईल म्हणून. दुसऱ्या दिवशी आईने देवळात जाऊन दोन नारळ दिले, मनात बोललेला नवस फेडला. गुरवांनी गावात सांगितलं की आपल्या देवाचा शब्द दर्यापार पोचतो.

जुलैत मी रत्नागिरीला होतो. लायब्ररीत बसलो असताना फोनवर बातमी दिसली. मालकाने क्लबातून हात काढून घेतला होता. दुसरा कोणी पुढे आला नाही. नव्या वर्षाच्या यादीतून क्लबाचं नाव वगळलं होतं. मैदानाच्या फाटकाला कुलूप घातल्याचा फोटो होता. मी ती बातमी चार वेळा वाचली. इंग्रजी मला अजून सावकाश वाचावं लागतं, म्हणून वाटलं की माझंच काही चुकत असेल. चुकत नव्हतं.

पाचव्या वेळी मला ते गाऱ्हाणं आठवलं. खाली जाऊ नये, एवढंच मी मागायला सांगितलं होतं. क्लब खाली गेला नव्हता. राहावा, असं मागायचं मला सुचलंच नव्हतं. क्लब नसेल असंही काही असू शकतं हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं तो तळाशी होता, पण होता.

गुहागरवाल्याला त्या रात्री मी पहिल्यांदा सगळं सांगितलं. खुर्ची, मफलर, गुडघा. त्या दिवसापासून त्याने तालुक्याचा विनोद केला नाही. पण झोपताना म्हणाला, "तुम्ही दोघं माझ्या क्लबात या ना. मोठा आहे, तो कधी बंद होणार नाही." त्याने मनापासून सांगितलं होतं, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

दादाला कळलेलं नव्हतं. पावसात सड्यावर कोणी जात नाही. कातळावर शेवाळ धरतं, विजा पडतात. बाबा रेशनला संगमेश्वरला गेले की तिथून मला फोन करायचे. जेवलास का विचारून झालं की म्हणायचे, "तो विचारतोय, त्याची ती यादी आली का?" नवीन वर्षातल्या सामन्यांची यादी. मी म्हणालो, अजून नाही. पुढच्या वेळी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणालो, या वर्षी उशीर आहे. तिसऱ्यांदाही तेच म्हणालो. बाबांशी मी याआधी असं कधी बोललो नव्हतो. गणपतीत घरी गेलो की समोरासमोर सांगेन, असं मी स्वतःला सांगत होतो. त्यात किती शहाणपणा होता आणि किती भित्रेपणा, ते मला आजही वेगळं करता येत नाही.

गणपतीला घरी गेलो तर दादा दारात उभा. काठीशिवाय. आईने कौतुकाने सांगितलं की पाऊस थांबायची वाट बघतोय, पहिला शनिवार चुकायला नको म्हणून सकाळ-संध्याकाळ पडवीत वीस-वीस फेऱ्या घालतो. माझ्या खोट्यावर तो चालत होता.

संध्याकाळी तो गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला फळं बांधत होता. दरवर्षी तोच बांधतो. जहाजावरच्या गाठी मारतो, त्या काही केल्या सुटत नाहीत. मी शेजारी बसून काकड्या देत होतो. तो म्हणाला, आता सुरू झालं असेल ना. मी सांगितलं. सगळं, एका दमात, खाली बघून.

त्याचे हात थांबले नाहीत. गाठ पुरी केली, ओढून बघितली. मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

"जुलैत."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने पुढची काकडी घेतली. ती बांधून झाल्यावर म्हणाला, "मग त्या म्हाताऱ्याने आता शनिवारी जायचं कुठे?"

हे आणखी कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरव आरतीला आले तेव्हा आईने त्यांना बाजूला घेऊन विचारलं की असं कसं झालं. गुरव वाईट मनाचे नाहीत. ते कितीतरी वेळ पानाला चुना लावत बसले. मग म्हणाले, "वहिनी, जेवढं मागितलंत तेवढं दिलान त्यानं." आई माझ्याकडे बघणार नाही याची काळजी घेत आत गेली. काय मागायचं ते कोणी सांगितलं होतं, हे आम्हा दोघांना चांगलंच आठवत होतं.

गणपती गेले, मी रत्नागिरीला परतलो. पाऊस ओसरला. सड्यावरचं गवत आता पिवळं पडलं असेल, शेवाळ सुकलं असेल, असं मी मनात धरत होतो. शनिवारी संध्याकाळी मी फोन समोर ठेवून अभ्यासाला बसायचो. पूर्वी फोन वाजला नाही तर क्लब हरला एवढंच मला कळायचं, आणि दादा वर उभा आहे हेही कळायचं. आता न वाजलेल्या फोनवरून काहीच कळत नव्हतं. दादा रोजच्या फेऱ्या घालत असेल, सवय लागली आहे, असं मी गुहागरवाल्याला सांगायचो. तो मान हलवायचा.

मग एका शनिवारी, दिवेलागणीच्या सुमारास, फोन वाजला. दादाचा नंबर. माझ्या हातातलं पेन खाली पडलं. गुहागरवाला उठून बसला. दादाचा फोन म्हणजे सडा. सडा म्हणजे तो चढून आला. दुसरा कुठला तरी क्लब त्याने धरला असेल, कुठलाही, गुहागरवाल्याचा असला तरी चालेल, असं माझ्या मनात येऊन गेलं. मी म्हणालो, "दादा?"

पलीकडे नुसती धाप लागलेली ऐकू येत होती. वारा होता.

"बाबू, मी बोलतंय," आई म्हणाली. शेजारची वहिनी सोबत आहे, तिनेच नंबर लावून दिला, असं तिने सांगितलं. मी विचारलं, दादा कुठे आहे.

"खाली हाय. तो आता उठत नाय." ती पुन्हा श्वास घ्यायला थांबली. "सोमवारी डॉक्टरकडे नेलंव. गुडघा धरला बोलला. आता वाकायचा नाय. आल्यावर काठी पाण्याच्या चुलीत घातलीन त्यानं. मी बाहेर होतंय. येईस्तोवर जळली पण."